ओतीव की घडीव? गाविलगडच्या तोफांपासून सुरू होणारी एका शब्दाची गोष्ट

चिखलदऱ्याच्या नावाची कथा वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी राहत असताना भीमाने कीचकाला मारले आणि इथल्या दरीत टाकून दिले. म्हणून ती कीचकदरा, आणि बोलता बोलता तिचा झाला चिखलदरा. भीमाने हात धुतले ते भीमकुंडही जवळच दाखवतात. मेळघाटचा पाऊस पाहिलेला माणूस नावातला ‘चिखल’ वेगळ्या रीतीनेही समजावून सांगेल. ते असो. आपल्याला या कथेतले क्रियापद हवे आहे : ‘टाकणे’.

इंग्रजीतल्या ‘कास्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच आहे. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून तो इंग्रजीत आला, आणि तिथे ‘कास्टा’ म्हणजे फेकणे. मग या एका फेकण्यातून केवढा पसारा झाला! वितळलेला धातू साच्यात ओतणे म्हणजे कास्टिंग. नाटक-सिनेमात कोणते काम कोणाला द्यायचे हे ठरवणे म्हणजेही कास्टिंग. समसमान मते पडली की अध्यक्षाचे ‘कास्टिंग व्होट’. मोडलेल्या हाताला घातलेले प्लास्टर म्हणजे कास्ट. बी मुठीने शेतात फोकून देणे म्हणजे ‘ब्रॉडकास्ट’, आणि त्याच शब्दाने पुढे आकाशवाणीचे प्रसारण दाखवले. आपलेही ‘टाकणे’ काही कमी नाही. आपण फासे टाकतो, मत टाकतो, नजर टाकतो, साप कात टाकतो.

शब्दांची ही गंमत इथेच सोडता आली असती. पण चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड आहे आणि तिथल्या तोफा या शब्दाला इतिहासात ओढतात.

पर्यटनाच्या माहितीत या तोफांविषयी साधारण असे लिहिलेले असते, की किल्ल्यावर लोखंड, तांबे आणि पितळ यांच्या ओतीव तोफा असून त्यांवर हिंदी, उर्दू आणि अरबी लिपीतला मजकूर आहे. अशी माहिती एकाने लिहायची आणि पुढच्याने उतरवून घ्यायची, हा आपला रिवाजच आहे. तिच्यात दोन गोष्टी तपासण्यासारख्या आहेत : ‘ओतीव’ आणि ‘उर्दू’.

ओतणे वेगळे, घडवणे वेगळे

मराठीत ‘ओतीव’ आणि ‘घडीव’ हे दोन शब्द कारागिरांनी काळजीपूर्वक वेगळे ठेवले आहेत. धातू पूर्ण वितळवून साच्यात भरला तर वस्तू ओतीव. तापवून ठोकून आकार दिला तर घडीव. ओताऱ्याचे काम पहिले, लोहाराचे काम दुसरे.

तांबे आणि कथील मिळून कासे होते, तांबे आणि जस्त मिळून पितळ. हे धातू आपल्या भट्ट्यांत वितळत, म्हणून त्यांच्या तोफा ओतता येत. लोखंडाचे तसे नव्हते. लोखंड पाण्यासारखे वाहते करायचे तर फार मोठी उष्णता आणि झोतभट्टी लागते, आणि ती त्या काळी इथे नव्हती. म्हणून दख्खनच्या किल्ल्यांतल्या मोठ्या देशी लोखंडी तोफा बहुधा घडीव असतात. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या गोल जुळवायच्या, त्यांवर तापलेली कडी एकामागून एक चढवायची आणि ठोकून सगळे एकजीव करायचे. तोफेच्या अंगावर वळ्या दिसल्या की ती लोहाराने घडवली आहे असे समजावे. ओतलेली लोखंडी तोफ असेल तर ती बिडाची, आणि बिडाच्या तोफा मुख्यतः युरोपातून आल्या.

अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्याची नऊगजी तोफ असो, गाविलगडच्या तोफा असोत की आणखी कुठल्या, प्रत्येकीला सरसकट ‘पंचधातूची ओतीव’ म्हणून टाकले की ती घडवणाऱ्या लोहाराचे नाव पुसले जाते. नावे तशीही फारशी उरलेली नाहीत. त्याचे काम तरी त्याच्या खाती जमा असावे.

ओतकाम मात्र या मुलखात फार जुने आहे. १९७४ साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, चार भरीव ओतीव मूर्ती सापडल्या : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोपेक्षा जास्त. उत्तर हडप्पा काळातल्या म्हणून त्या ओळखल्या जातात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाची प्रतिमा करून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून काढून तिथे धातू ओतण्याची रीत सांगितलेली आहे.

रूमी खान आणि उस्ताद अली कुली

दायमाबाद ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात १५४९ साली बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत एक तोफ ओतली गेली. तिचे नाव मलिक-ए-मैदान, रणांगणाची राणी म्हणा. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास, तोंडाचा व्यास दीड मीटर. धातूत तांबे सुमारे ८० टक्के आणि कथील सुमारे २० टक्के. घंटेसाठी असेच मिश्रण वापरतात. तिच्या तोंडाला एका अक्राळविक्राळ पशूचा जबडा आहे आणि त्या जबड्यात हत्ती सापडलेला आहे.

ओतणाऱ्याने तिच्यावर आपले नाव कोरले : मुहम्मद, रूमी खान. ‘रूम’ म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा मुलूख. तोफेच्या कामात तिकडचे उस्ताद नावाजलेले होते, आणि ‘रूमी खान’ हा किताब हिंदुस्तानात अशा अनेकांना मिळाला. पण एक माणूस ५५ टनांची तोफ ओतत नाही. खड्डा खणणारे, माती-शेण-भुसा कालवून साचा उभा करणारे, भाते ओढणारे, तांबे जमवणारे, मुशी सांभाळणारे, थंड झाल्यावर तासणारे असे शेकडो हात तिथे लागले असणार, आणि ते हात याच मातीतले होते. नाव रूमी खानाचे आहे. तोफ नगरची आहे.

पुढे ती परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर तिच्यावर स्वतःचा लेख कोरून घेतला. १८५४ मध्ये इंग्रजांच्या अमलात तिचा लिलाव पुकारला गेला, बोली आली १५० रुपये, आणि मग तो रद्द झाला. निजामशाही, आदिलशाही, मुघल, इंग्रज असे चार धनी तिने पाहिले आणि ओतणाऱ्याचे नाव मात्र तसेच ठेवले.

ओतण्याचा क्षण कसा असतो, याचे वर्णन बाबराने आपल्या आठवणींत केले आहे. १५२६ च्या ऑक्टोबरात आग्र्याला उस्ताद अली कुली मोठी तोफ ओतत होता. साच्याभोवती आठ भट्ट्या, प्रत्येकीतून पाट काढलेला. पाट उघडले, वितळलेला धातू वाहू लागला, आणि साचा भरण्याआधीच धातू संपला. उस्तादाची अवस्था अशी झाली की तो त्या साच्यात उडी घेतो की काय, असे वाटले. बादशहाने त्याची समजूत काढली, मानाची वस्त्रे दिली. एक-दोन दिवसांनी साचा फोडला तर नळीचा भाग निर्दोष निघाला होता. दारूचा कोठा मग वेगळा ओतून जोडता येणार होता. ओतकामात दुरुस्तीला जागा कमी असते. घडीव वस्तू पुन्हा तापवून ठोकता येते. ओतीव वस्तू बिघडली तर बहुधा फोडून पुन्हा वितळवावी लागते.

साच्यात न बसणारा किल्ला

आता गाविलगडाकडे परत येऊ. अहमदशाह वली बहामनीने १४२५ च्या सुमाराला एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, मुक्काम करून हा किल्ला बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली, असे फरिश्त्याने नोंदले आहे. नावात मात्र जुने गवळी राहिले. पुढे १४८०च्या दशकात वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने दोन्ही किल्ले मजबूत केले. नरनाळ्याच्या सुंदर महाकाली दरवाजावर १४८७ चा लेख आहे. १४९० मध्ये हाच फतहुल्ला स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली.

हा फतहुल्ला कोण? विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत लहानपणी पकडला गेला, वऱ्हाडात मुसलमान म्हणून वाढला आणि सुलतान झाला. गाविलगडच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना पकडलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. हे चिन्ह विजयनगरच्या परंपरेतले, आणि अभ्यासक त्याचा संबंध फतहुल्लाच्या मूळ मुलखाशी जोडतात. महाकाली नावाचा दरवाजा, त्यावर अरबी-फारसी लेख. कानडी मुलखातला पक्षी, तो मुसलमान सुलतानाच्या वेशीवर. हे सगळे एका मुशीत ओतले गेले आणि त्यातून वऱ्हाड निघाले.

१८०३ मध्ये किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि किल्लेदार होता बेनीसिंग. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई हरल्यावर भोसल्यांचे सैन्य गाविलगडाकडे वळले. आर्थर वेलस्लीने दक्षिणेच्या बाजूने हूल दिली, आणि कर्नल स्टीव्हनसनच्या माणसांनी डोंगरातून रस्ता करत तोफा ओढून उत्तरेच्या अंगाला नेल्या. तटाला भगदाड पडले आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला.

इंग्रजांच्या त्या विजयात ओतकामाचाही वाटा होता. झोतभट्टीतले बीड आणि भरीव ओतून मग आतून पोखरलेली नळी (जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये या पोखरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले) यांमुळे त्यांच्या लोखंडी तोफा स्वस्त, सारख्या मापाच्या आणि भरवशाच्या झाल्या होत्या. मराठ्यांचे ओतकाम मागास होते असे मात्र कोणी समजू नये. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफा हाती लागल्या तेव्हा खुद्द वेलस्लीने त्यांची तारीफ केली. महादजी शिंद्यांच्या काळापासून आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली देशी कारागीर त्या ओतत होते. रूमी खान असो की सँगस्टर, उस्ताद बाहेरून येई, कसब इथे मुरे.

१८५७च्या उठावात तात्या टोपे या बाजूला येऊन किल्ल्याचा आसरा घेईल या भीतीने १८५८ मध्ये इंग्रजांनी गाविलगडाची तटबंदी निकामी केली.

‘उर्दू’ तोफ आणि अंदाज

आता पर्यटनाच्या माहितीतला दुसरा शब्द. बहामनी, इमादशाही, निजामशाही आणि मुघल या सगळ्यांच्या काळात दरबारी भाषा फारसी होती. तोफांवर, वेशींवर, बुरुजांवर लेख कोरायचे ते फारसीत किंवा अरबीत. त्या काळातला तसा लेख ‘उर्दू’ ठरतो तो केवळ ती लिपी दिसते म्हणून. उजवीकडून डावीकडे लिहिलेले दिसले की उर्दू, आणि उर्दू दिसली की मुसलमानांचे, असा हा साचा आहे. मग त्या लेखात काय लिहिले आहे, हे वाचण्याची गरजच कोणाला उरत नाही.

खरे तर त्या फारसीचे देणे मराठीच्या जिभेवर रोज असते. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे, टाकणे. त्यातून ‘अंदाज’. तीर फेकणारा तो तिरंदाज. गोळा फेकणारा तो गोलंदाज. बर्क म्हणजे वीज, म्हणून बंदुकीतून वीज फेकणारा बरकंदाज. गाविलगडच्या बुरुजावर बत्ती देणारा गोलंदाज आज आपल्या क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकतो, आणि त्याच्या जोडीला मराठीने आपल्या अकलेने ‘फलंदाज’ही तयार केला. हवामानाचा ‘अंदाज’ म्हणतो तेव्हाही आपण फारसीतले फेकणेच वापरतो. इंग्रजीने त्याच वाटेने जाऊन ‘फोरकास्ट’ केले. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन भाषांना भविष्याबद्दल बोलताना खडा टाकून पाहण्याचीच आठवण झाली.

ओतण्याला फारसीत दुसरा शब्द आहे : ‘रेख्तन’. त्यातून ‘रेख्ता’, म्हणजे ओतलेले, मिसळलेले. चुन्याच्या गिलाव्यालाही रेख्ता म्हणत. आणि फारसी व इथल्या बोली एकत्र ओतून जी कवितेची भाषा झाली, तिलाही लोकांनी रेख्ताच म्हटले. आज जिला उर्दू म्हणतात तिचे हे जुने नाव. त्या भाषेला दिल्लीत मान मिळवून दिला तो वली औरंगाबादीने, आणि पाठोपाठ सिराज औरंगाबादी आला. दोघेही आजच्या मराठवाड्याचे. जिला परकी ठरवण्याची घाई असते, त्या भाषेचे नावच ‘मिश्रधातू’ असे आहे.

इंग्रजीतला ‘कास्ट’ म्हणजे जात, हा मात्र वेगळ्या घरचा. पोर्तुगीज ‘कास्टा’ म्हणजे वंश, कूळ. गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगिजांनी इथली समाजरचना पाहून तो शब्द वापरला आणि इंग्रजांनी तो उचलला. फेकण्याच्या ‘कास्ट’शी त्याचे नाते नाही. तरी अठराव्या शतकापर्यंत इंग्रज लेखक दोन्ही एकाच स्पेलिंगने लिहीत. व्युत्पत्तीने वेगळे असलेले शब्द अनुभवाने किती जवळ येतात, हे जन्माने साच्यात ओतल्या गेलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडच्या बिरादऱ्यांनाही ते लागू आहे. कोण अश्रफ, कोण मागास, याचे हिशेब मुसलमानांतही चालतात, मग तत्त्व काहीही असो.

खिळे आणि साचा

तोफेनंतर ओतकामाने मराठीवर सर्वांत मोठा परिणाम केला तो छापखान्यात. शिशाचे ओतलेले खिळे म्हणजे अक्षरांच्या तोफाच. जावजी दादाजी (१८३९–१८९२) लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम करत. १८६४ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे जे सुबक ठसे कोरले, त्यावर कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या.

उर्दूच्या वाट्याला हे आले नाही. नस्तालीक अक्षर शब्दागणिक आकार बदलते, उताराने खाली येते. ते खिळ्यांच्या चौकटीत नीट बसेना. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हाताने लिहून शिळाछापावर निघत राहिली. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक संगणकावर आले, तेव्हा कुठे ती अडचण सुटली. म्हणजे मराठी ओतीव झाली आणि उर्दू हस्तलिखितच राहिली. एक भाषा शाळा-कचेरीत गेली आणि दुसरी मागे पडली, याची राजकीय कारणे पुष्कळ आहेत. पण खिळ्यांचे हे साधे कारणही विसरू नये.

छापखान्याच्याच भट्टीतून आणखी दोन शब्द बाहेर पडले. जुळवलेल्या खिळ्यांच्या पानाचा साचा घेऊन त्यात एकसंध पत्रा ओतला की त्याला ‘स्टीरिओटाइप’ म्हणत. १७९८ च्या सुमाराला फ्रान्समध्ये फर्मिन दिदो यांनी हा शब्द रूढ केला. तशाच पत्र्याचे फ्रेंच नाव ‘क्लिशे’. सोय अशी, की पुन्हा खिळे जुळवायला नकोत, तेच पान हवे तितक्या वेळा छापा. १९२२ मध्ये अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी ‘स्टीरिओटाइप’ हा शब्द माणसांच्या डोक्यातल्या तयार प्रतिमांसाठी वापरला आणि छापखान्याचा अर्थ मागे पडला. मराठीने त्याला ‘साचेबद्ध’ म्हटले. ‘छापाचे गणपती’ तर आपल्याकडे होतेच.

भूमिका कोणी वाटायच्या?

सिनेमाच्या कास्टिंगची कथाही इथलीच. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करताना दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी एकही बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) तर तेच राम आणि तेच सीता. १९३१ मध्ये पहिला बोलपट ‘आलम आरा’ आला. त्याचे नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांतले नावाजलेले मराठी नट. पण उर्दू संवाद त्यांच्या तोंडी बसेनात, म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकाला बराच वेळ न बोलताच काढावा लागला. एका स्वयंपाक्यात सीता दिसली ती फाळक्यांच्या नजरेमुळे. कास्टिंग म्हणजे शेवटी निवडणाऱ्याची नजर.

इतिहासाच्या पुस्तकातही भूमिका अशाच वाटल्या जातात. गारदी म्हटले की मराठी मनात शनिवारवाडा येतो, १७७३ चा नारायणराव पेशव्यांचा खून येतो, आणि गारदी म्हणजे मुसलमान असे गृहीत धरले जाते. त्या गारद्यांच्या म्होरक्यांत मुहम्मद युसुफ होता हे खरे, पण पुढे होता सुमेरसिंग, आणि सोबत खरगसिंग. उलट पानिपतावर १७६१ मध्ये मराठ्यांच्या तोफखान्याचा कारभार पाहणारा, अखेरपर्यंत लढून अब्दालीच्या हाती सापडलेला आणि मारला गेलेला इब्राहिमखान हाही गारदीच. आपल्या लोकांतही उलटा साचा आहे : प्रत्येक सुलतान न्यायी, प्रत्येक किल्ला आपला. फतहुल्ला त्यातही बसत नाही, कारण गंडभेरुंडाचे काय करायचे?

साच्याचा फायदा असा, की काम झटपट होते. तोफेसाठी, खिळ्यासाठी, भांड्यासाठी साचा हवाच. माणसांसाठी वापरला की तो खोटे बोलू लागतो. माणसे ओतीव नसतात. ती घडीव असतात : तापतात, ठोकली जातात, पुन्हा तापतात, प्रत्येक पिढीत थोडी बदलतात. मराठी मुसलमान तर वऱ्हाडाच्या, दख्खनच्या, कोकणच्या भट्टीत पाच-सहाशे वर्षे घडत आला आहे.

म्हणून गाविलगडावर जाणाऱ्यांनी तोफ दिसली की आधी तिच्या अंगावर वळ्या आहेत का ते बघावे. वळ्या असतील तर ती घडवणारा लोहार इथलाच कोणी होता असे समजावे. मग तिच्यावरचा लेख कोणाच्या ‘जातीचा’ आहे हे ठरवण्यापूर्वी तो वाचता येणारा माणूस शोधावा. आपल्या प्रत्येक तालुक्यात फारसी वाचणारा एक तरी म्हातारा असे. आता ते संपत चालले आहेत. त्यांची जागा घ्यायला आपल्या मुला-मुलींनी फारसी आणि मोडी या दोन्ही शिकाव्यात. वऱ्हाडचा इतिहास या दोन्हींत मिळून लिहिलेला आहे.